रिकामं वजन

भरलेला ट्रॅक्टर आधी, रिकामा नंतर.
दोन आकड्यांतला फरक म्हणजे ऊस.
अठरा हंगाम कारखान्याच्या काट्यावर बसून
मी हेच लिहितो.
वीस-वीस किलोंनी सरकतो माझा काटा,
मधलं त्याला काही दिसत नाही.

पंप शंभर ग्रॅमही नसेल.
काड्यापेटीहून जरा मोठा, पोटाशी गेलेली बारीक नळी,
ताशी पॉइंट चार,
प्रांजलला झोपेत कळूही न देता.
इलाही टेलरनं गणवेशाला आतून खिसा शिवला,
पैसे घेतले नाहीत. एवढंच विचारलं,
"मोबाईल नव्हं न्हवं? बाई वरडतील पोरीला."

सांगलीच्या सिव्हिलमध्ये असा एकच पंप,
आणि वहीत पाळी लावलेली एकवीस मुलं.
आमच्या वाट्याला दहा आठवडे.

त्याआधी रोज तीनचा गजर.
अंधारात बोट टोचायचं, आकडा बघायचा,
साठाच्या खाली गेला तर पेंगत्या तोंडात साखर.
मी रात्रपाळीला असलो की सुनंदा एकटीच.
पंप आल्यावरही ती आठवडाभर उठत राहिली,
पोरीच्या नाकाशी बोट धरून पुन्हा आडवी व्हायची.
मग एका रात्री उठलीच नाही.
सकाळी चहा गाळता गाळता रडली.
मी कारण विचारलं नाही.

योजनेच्या खिडकीवर माणूस चांगला होता.
"आजार यादीत आहे, यंत्र यादीत नाही."
यादी कोण करतं?
"वरून येते."
मी वर बघितलं.
पंखा होता, बंद.

सतरा फेब्रुवारीला परत द्यायचा होता.
आष्टा ते सांगली, एसटीत,
मनात वाईट आलं, खोटं कशाला सांगू:
हरवला म्हणावं.
छत्र्या हरवतात, डबे हरवतात.
प्रांजल खिडकीशी, खिशावर हात ठेवून.

उमदीहून मल्लू आला होता. आठ वर्षांचा.
आईच्या मागून कानडी हेलात विचारत होता, टोचतंय काय?
सातपुते सिस्टर काही बोलायच्या आत
आमची पुढं:
"एकदा टोचतं. मग तीन दिवसांनी एकदा.
भात खाल्लास की हे बटण, पण मोजून.
आणि आईला सांग, रात्री झोप म्हणावं."

त्याच्या आईनं माझ्याकडे बघितलं.
मी टेबलावरचा कोरा कागद ओढला.
प्रति, जिल्हा शल्यचिकित्सक.
वहीतली एकवीसही नावं उतरवली,
पावतीवर लिहितो तशी, खाडाखोड न करता.
मल्लूच्या आईनं अंगठा पुढे केला,
मग म्हणाली, थांबा, सही येते मला,
आणि एवढा वेळ घेतला
की मागची रांग गप्प झाली.

उत्तर आलेलं नाही.
गजर पुन्हा तीनचा.
आतल्या खिशात आता खडीसाखर असते.

परवा डबा घेऊन आली
आणि दोन गाड्यांच्या मध्ये काट्यावर उभी राहिली.
दवाखान्याच्या कार्डावर सत्तावीस आहे.
इथं वीस.
काचेला नाक लावून म्हणाली,
"बाबा, माझे सात किलो कुठं गेले?"
मागून ट्रॅक्टरचा हॉर्न वाजत होता.