कोपऱ्यापलीकडचं नाही

इबादानात मी अक्षरामागे पैसे घेतो.
तांबडा रंग महाग, काळा स्वस्त.
अक्षराखालच्या टिंबांचे लावत नाही,
ती आमच्या भाषेची आहेत, माझी नव्हेत.

न्हाव्यांच्या दारावरची डोकी, चर्चच्या पाट्या,
ट्रकच्या पाठीवर देवाचं नाव, हे माझं खरं काम.
पण हल्ली मागणी एकाच ओळीला:
हे घर विकायचे नाही.
गंजल्या पत्र्यांच्या या गावात
माणसं स्वतःच्याच भिंतीवर लिहून घेतात
की भिंत आपली आहे.

मोरेनिकेबाई तीन आठवडे अबेओकुटाला होत्या,
लेकीच्या बाळंतपणाला.
परतल्या, तर अंगणात एक पोरगा टेप घेऊन वाकलेला,
खुराड्यापासून विहिरीपर्यंत मोजत.
"आपण कोण?"
हे त्यानं विचारलं.

खरेदीखत होतं त्याच्याकडे. शिक्के होते.
चतुःसीमा बिनचूक:
पूर्वेस कसाव्याची गिरणी, पश्चिमेस नाला.
खाली बाईंच्या नवऱ्याची सही,
शेवटच्या अक्षराला तीच माशाची शेपटी
जी तो शिवलेल्या प्रत्येक कोटाच्या पावतीवर काढायचा.
तारीख तेवढी
त्याला पुरल्यानंतर दोन वर्षांची.

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ठाऊक होते,
बाई म्हणाल्या,
मढ्याला उठवून सही करायला बसवणारे
आज पाहिले.
म्हणजे पाहिले कुठे?
दलालाचा फोन बंद. दलालाचं ऑफिस
आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान.

पोरगा एफिओंग, कलाबारकडचा.
नऊ वर्षं कानो ते लागोस ट्रक हाकला त्यानं.
पैसे रोख मोजून दिले होते,
बायकोचं शिलाई मशीनही त्यात गेलं होतं.
विहिरीच्या कठड्यावर तो बसला तो बसलाच.
बाईंनी आधी शिव्या दिल्या. मग पाणी दिलं.
मग पुन्हा शिव्या,
पण आता नाव न घेता, नाल्याकडे तोंड करून.

मला बोलावलं दुसऱ्या दिवशी.
बाईंना सगळं हवं होतं भिंतीवर:
नवऱ्याचं नाव, मृत्यूची तारीख, खटल्याचा नंबर,
मुलं चार, सगळी हयात,
आणि एक लांबलचक शाप.
मी अक्षरं मोजून आकडा सांगितला.
मग एकेक खोडत गेल्या.
आधी नंबर, मग मुलं, मग नवरा.
शाप सगळ्यात शेवटी खोडला.

उरले चार शब्द, आणि त्यातही मी चुकलो.
हात सैल सुटला, अक्षरं मोठी पडली,
हे घर विकायचे
इथं भिंत संपली.

"अरे मेल्या," बाई ओरडल्या,
"तू तर विकायलाच काढलंस!"

वळवतो म्हटलं. नाही कोपऱ्यापलीकडे गेलं,
नाल्याच्या अंगाला, तांबड्यात, दोन हात देऊन.
तिथं जमीन उतरती, शिडी डगमगत होती.
एफिओंगनं येऊन धरली.
कुणी सांगितलं नव्हतं.
बराच वेळ तो खालून वर बघत राहिला
आणि म्हणाला, "मी घर बघायला आलो
तेव्हा ही भिंत कोरी होती."
मी ब्रश पुसत राहिलो.
नाहीचे पैसे मी घेतले नाहीत,
चूक माझी होती म्हणून,
असं बाईंना सांगितलं.

खटला चालू आहे. तारखेला दोघं एकाच बसनं जातात,
येताना तो तिच्या पिशव्या उचलतो.
निकाल एकाच्या बाजूनं लागणार, हे दोघांनाही कळतं.
डिसेंबरात वाळवंटाची धूळ येते,
अक्षरांवर बसते, मी वर्षातून एकदा जातो.

बाजाराकडून येणारे अजूनही अर्धंच वाचतात.
दारात थांबतात, भाव विचारतात.
आणि मोरेनिकेबाई आतून,
हातातलं काम न सोडता,
उरलेला शब्द ओरडतात.