घंटीवरचं आडनाव

झ्वियाद,
तू विचारलंस, बर्लिनला यावं की न यावं, एका ओळीत सांग.
एका ओळीत इथलं भाड्याचं करारपत्रसुद्धा सुरू होत नाही.

विजेच्या बिलामागे मी दोन रकाने आखले.
डावीकडे लिहिलं: रात्री दोनला
इस्पितळाच्या धोबीखान्यातून सुटते,
कालव्याच्या काठानं एकटी चालत घरी येते,
किल्ल्या खिशात असतात, मुठीत नाही.
उजवीकडे लिहिलं: घरी.
आणि बराच वेळ त्या शब्दाकडे बघत बसले.

पुढे रकाने बिघडतच गेले.
दाढ दुखत होती नोव्हेंबरात,
डॉक्टरची वेळ मिळाली मार्चमधली.
फेब्रुवारीत दाढ आपली आपणच गप्प झाली.
हे कुठे लिहू?
डिसेंबरात साडेतीनला दिवा लावावा लागतो,
पण जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड,
आणि तळ्यावर सत्तरीच्या बायका
सुरकुत्यांसकट पाण्यात उतरतात,
कुणाची म्हणून पर्वा नाही.
आईनं हे एकदा तरी बघावं.

पगार वेळेवर येतो. निम्मा भाड्यात जातो, तोही वेळेवर.

आणि मी विनोद करणं सोडलंय.
तुला खोटं वाटेल,
आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत
माझ्या शेजारच्या खुर्चीसाठी भांडणं व्हायची.
इथे व्याकरण जुळवून तोंड उघडेपर्यंत
मंडळी पुढच्या विषयावर गेलेली असतात.
मी चादरींच्या घड्या घालते. कडेला कड.

आता मुख्य गोष्ट.
इथे घरांना नंबर नसतात.
रस्ता, इमारत, आणि खाली घंट्यांवर आडनावं.
घंटीवर नाव नसेल तर तू नाहीसच.
माझं होतं, कागदावर, चिकटपट्टीखाली,
मूळ भाडेकरूच्या नावाच्या पायाशी,
तेही पहिलं अक्षर गाळून,
कारण ‘म्गे’ म्हणताना रखवालदार पागेलची जीभ अडखळते.
आपल्या आडनावात लांडगा आहे, झ्वियाद,
त्यानं त्याचं डोकंच उडवलं.
मीही काही बोलले नाही.
एवढ्यासाठी कोण भांडतं, म्हटलं.

मग पावसानं कागद गळून पडला,
नेमका आईचं पार्सल आलं त्या आठवड्यात.
अक्रोड, वाळवलेली आलुबुखाराची पोळी, लोकरीचे मोजे
माझ्या दारापासून दोन जिने खाली उभे राहिले
आणि कुताइसीला परत गेले.
वर पिवळी चिठ्ठी: या नावाचं इथे कुणी राहत नाही.
तूच लिहिलंस, आईनं ती चिठ्ठी
शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतली,
खोकं न उघडता कपाटावर ठेवलं,
आणि त्या दिवशी गाईला दोनदा चारा घातला.

तिकडे तर ‘एतेरी, झऱ्याजवळ’ एवढ्यावर
पत्र पोचायचं. आणि पोचायच्या आधी
वाटेत चौघांनी वाचलेलंही असायचं.
म्हणून तर मी निघाले होते, हे विसरू नकोस.

काल कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडे गेले.
इस्केंदर, एर्झुरुमचा, तीस वर्षं इथेच.
पितळी पट्टी, अक्षराला दीड युरो.
त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला:
“सुरुवातीचा हा एम चुकून पडलाय का?
काढला तर दीड युरो वाचेल.”
मी म्हटलं, “नको. बिनडोक्याचा लांडगा
दारावर ठेवून उपयोग काय?”
त्याला हसू आवरेना.
पट्टी कोरताना हात हलत होता,
शेवटचं अक्षर जरा तिरकंच आलंय.

आठ अक्षरं, बारा युरो, दोन स्क्रू.
स्क्रू मीच पिळले. पागेल खिडकीतून बघत होता.

तेव्हा यायचं तर ये, नाहीतर नको येऊ,
माझे रकाने तुझ्या कामाचे नाहीत.
आलास तर तुला वेगळी पट्टी लागणार नाही,
आडनाव एकच आहे.
पण आईला आधी सांग, ते खोकं उघड.
अक्रोड टिकतील.
पोळीला बुरशी लागेल.