बारा किलो

रोडेल इलोइलोला कायमचा परत निघाला तेव्हा
अदलियाच्या एका पार्किंगमध्ये त्यानं डिकी उघडली
आणि म्हणाला, वॅट विचारू नकोस,
जिने किती ते विचार.

सत्तर दिनार. मी पासष्ट म्हणालो.
वॉचमनच्या केबिनमधून एक्स्टेन्शन ओढलं,
मी सगळ्यात जाड तार सोडली
आणि शेजारच्या गाडीची नंबरप्लेट थरथरली.
अडुसष्टला तुटलं.

त्याआधीचा माझा अ‍ॅम्प अडतीस किलोचा.
बँडमध्ये त्याला फ्रिज म्हणत.
हॉटेलची सर्व्हिस लिफ्ट गुरुवारी हटकून बंद,
मग मी, जिनीष, मध्ये फ्रिज,
कांदे सोलणाऱ्या पोरांना सरकवत
किचनच्या जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर.
एकदा तो वळणावर अडकला, निघेचना,
आणि पहिलं गाणं मारिसेलनं बेसशिवाय गायलं.
कुणाच्याही लक्षात आलं नाही.
हे मी अजून विसरलेलो नाही.

हा छोटा. दहा इंची एकच स्पीकर.
एका हातात हा, दुसऱ्या हातात गिटार,
दार पायानं ढकलायचं.
छोट्याची एक खोड असते,
मोठं बोलायला लावलं की तो भुंकतो.
म्हणून अगदी तळाचं सगळं कापून टाकायचं,
जे त्याला झेपत नाही ते मागायचंच नाही.
मधला सूर थोडा वर, बोटं तिथंच ऐकू येतात.
कोपऱ्यात ठेवायचा नाही, भिंत फुशारक्या मारते.
पाण्याच्या बाटल्यांच्या क्रेटवर, जरा मागे कलता,
कारण माझे कान गुडघ्यांत नाहीत.
बाकीचं एक वायर हॉटेलच्या मोठ्या स्पीकरांना सांगते.

आणि ऑगस्टात, हे कुठल्याच माहितीपुस्तिकेत नाही,
एसी गाडीतून बाहेर काढला की
त्याला दरदरून घाम फुटतो.
लगेच चालू करायचा नाही.
पंधरा मिनिटं तसाच बसू द्यायचा.
मीही बसतो शेजारी, चष्मा पुसत,
दिवसभराचे डक्टिंगचे नकाशे
डोळ्यांतून उतरेपर्यंत.

मॅनेजर इलियास बारच्या टोकाहून
तळहात खाली दाबतो.
आम्ही कमी करतो. तो पुन्हा दाबतो.
तिसऱ्यांदा मी बटणाला नुसता हात लावतो,
फिरवत नाही.
तो खूश होऊन मान डोलावतो.

एका रात्रीचं रेकॉर्डिंग घरी पाठवलं, वसईला.
एल्विना म्हणाली, छान आहे, पण तू कुठेस?
म्हटलं, खाली.
खाली कुठे?
फोनच्या त्या तांदळाएवढ्या स्पीकरमधून
मी जातच नाही.
लेकीनं फोन स्टीलच्या डब्यात ठेवून पाहिला.
तिला ड्रम ऐकू आला, टाळ्या ऐकू आल्या,
कुणीतरी ग्लास फोडला तोसुद्धा.
पप्पा नुसते हलतायत, ती म्हणाली.

सांतान मामा लग्नाच्या बँडमध्ये
सगळ्यात मोठं पितळी तोंड वाजवायचे,
अजगर गळ्यात घातल्यासारखं, शेवटच्या रांगेत.
फोटोत दर वेळी पितळ यायचं, मामा नाही.
एकदा तापानं ते घरीच राहिले
तर वरातीची पावलं चुकत राहिली,
आणि लोक उगाच
ताशेवाल्याला शिव्या घालत होते.

हे एल्विनाला सांगायचं राहून गेलं.
पुढच्या वेळी फोन तिथं ठेवीन,
क्रेटच्या अगदी तोंडाशी. बघू.

रात्री दीडला तो अजून कोमट असतो.
शेजारच्या सीटवर ठेवतो
आणि पट्टा लावतो,
नाहीतर जुफेरपासून घरापर्यंत
गाडी टुणटुणत राहते,
बारा किलोंनाही ती माणूस समजते.