तांबडं

ये आर्ने, दार ओढून घे.
एप्रिल लागला तरी सुपीरियरवरून येणारं वारं
अजून जानेवारीचंच आहे.
ट्रकची घाई करू नकोस.
आधी याला धुऊ.

कोमट पाण्यानं. जोराचा फवारा नको,
बेअरिंगमध्ये शिरलेलं पाणी तिथंच संसार मांडतं.
रस्त्याच्या तोंडाशी पालिकेचा नांगर ढीग टाकून जातो ना,
त्यात मीठ असतं. आपल्याला वाटतं, बर्फच उचलला.
इथं, पात्यांच्या मागे, बोट फिरव—
चाटू नकोस हं!
पहिलीत असताना तू माझ्या बसचा दांडा चाटला होतास.
जीभ चिकटली, मी थर्मासमधली कॉफी ओतून सोडवली,
आणि चव्वेचाळीस पोरं काचेला नाक लावून.

आता कोरडं कर. फडक्यानं,
मग पानं उडवायच्या त्या यंत्रानं.
कोरडं म्हणजे कोरडं.

हे बघ, नोव्हेंबरात दगड लागला.
नखाएवढा टवका.
पण भोवतीचा रंग दाबून पाहा, पोकळ आहे.
वर सगळं नारिंगी, झकास,
आणि खालून गंज कुठवर गेलाय कोण जाणे.
घास. लखलखेपर्यंत घास. अजून.
वाल्फ्रिडला इथं दया यायची,
चांगला रंग कशाला खरवडायचा म्हणून अर्ध्यात थांबायचा.
पुढच्या वर्षी त्याच जागी फोड.

या गावाखाली नुसतं तांबं होतं.
तुझे पणजोबा मैलभर खाली उतरून तेच खणायचे.
तांब्याला हवा लागली की ते हिरवं होतं
आणि थांबतं,
आपलीच शाल पांघरून बसून राहतं.
लोखंडाला थांबणं ठाऊक नाही.
तांबडं होत जातं, होत जातं.
तांब्याच्या गावात राहून त्यालाही वाटत असेल
की आपण जरा—
असो. प्रायमर दे.

नारिंगी जुळणार नाही. हा रंग आता मिळत नाही,
दुकानातल्या सिर्क्कानं जवळचा म्हणून दिलाय
तो भोपळ्याचा निघाला.
लाव. कुणी बघायला येत नाही.
हा वाल्फ्रिडचा हात. हा ओघळ आलेला माझा,
तो गेल्यानंतरच्या वर्षीचा.
हा तुझा. बरा आहे की.

नळकांड्याच्या आत मेण, गाडीला लावतात तेच, दोनदा.
रंग उडाला की ओला बर्फ तिथं चिकटतो,
चिकटला की माणूस हात घालतो.
हात घालायचा नाही. इंजिन बंद असलं तरी नाही.
एस्कोला विचार. डावा हात दाखव म्हणावं.

उन्हाळ्यात खाली फळ्या ठेव, सिमेंटला घाम येतो.
वरून सुती चादर.
प्लास्टिक नको.
मी एकदा घातलं होतं, दोरीनं गच्च आवळून.
त्या उन्हाळ्यात मला काहीच उघडं बघवत नव्हतं.
ऑक्टोबरात काढलं,
तर आत महिनाभर पाऊस पडून गेल्यासारखं.

सत्तावीस वर्षांचं आहे. नवं घे म्हणतील लोक.
घे ना. घेईपर्यंत तरी.

चल, चढव. फळी तिरपी धर, मागून मी लावते जोर.
लावते म्हटलं ना.
पट्टा दांड्यावरून घे, रंगावरून नको.

हँकॉकच्या त्या फ्लॅटवर बर्फ काढायला माणूस आहे.
पत्रकात फोटो आहे त्याचा. हसतोय.
हातात यंत्र कोरं करकरीत,
एक ओरखडा नाही.

नीघ तू. उजेडात पोच.
डब्याच्या तळाशी मेण उरलंय बोटभर,
वाया कशाला घालवायचं,
फावड्याला लावून ठेवते.

हो, तिसरा मजला आहे.
माहीत आहे मला.
फावडं ने असं म्हटलं का मी तुला?