धोट्याचं मूळ

नववी ब च्या तासाला
रेहान बागवाननं विचारलं,
मॅडम, शटल म्हणजे ते पिसांचं फूलच ना,
पार्क मैदानावर उडतं ते?
मागून कुणीतरी ओरडलं, गाडी रे, होटगीची!
खिडकीजवळची सुहासिनी चिप्पा
काहीच बोलली नाही.
तिच्या वेणीत सुताचा पांढरा कण अडकलेला.

उद्या सांगते, म्हटलं.

रात्री मांडीवर जाड कोश घेतला,
गुडघा बधिर होईस्तोवर वाचला.
शटल. मुळात बाण.
नेम धरून फेकायचं काहीतरी.

नायना उंबऱ्यात बसून चहा बशीत ओतत होते.
त्यांच्या डाव्या भुवईत एक खाच आहे:
एक्क्याऐंशी साल, रात्रपाळी,
चौदा नंबरच्या मागावरचा धोटा
पेटीत जायचा सोडून
सरळ त्यांच्याकडे आला होता.
सात टाके. एक दिवस रजा, बिनपगारी.
ताण्याला आडवा जातो तो बाणा.
त्याचं बाणाशी नातं नाही, म्हणतात जाणकार.
नसेल.
आमच्या घरात ते भुवईवर दिसतं.

पुढं वाचत गेले.
शट त्याच घरचा.
अडसर झपकन सारला, दार लागलं, म्हणून शट.
मिलचं फाटक आठवलं मला,
त्यावरची नोटीस, उन्हानं विटलेली.
सहाशे विड्या वळणारी आई
त्या आठवड्यात हजारावर गेली
आणि तंबाखूच्या सुपावरून
तिनं मान वर केलेली मला आठवत नाही.

आणि शीट. तीही तिथलीच.
शीट म्हणजे चादर.

मी कोश मिटला. परत उघडला.
अख्खी पेठ चादरीवर जेवते आमची,
आणि बाण, बंद दार, चादर
ही एका आईची लेकरं आहेत
हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.
शूटही त्यांचाच भाऊ.
तो शब्द या गावाला
तीस सालीच कळला होता, कोशाशिवाय.

नायनांना सगळं वाचून दाखवलं.
ते म्हणाले, बाण परत येतो का?
नाही.
मग तो धोटा कसा?
जाणं कुणालाही जमतं गं.
एका पाळीत हजारदा गेला तर
हजारदा आलाय तो माघारी,
तेव्हा कुठं वीतभर कापड.

मग बशी तोंडाला लावता लावता,
आणि धोट्याचं मूळ काय?

मराठी कोश काढला.
अर्थ होता. मूळ नव्हतं,
किंवा मलाच सापडलं नाही.
घरात आम्ही त्याला नाडे म्हणतो,
शेजारचे बिराजदार लाळी म्हणतात,
त्या दोघांचं मूळ तर
मी आजवर विचारलंच नव्हतं.
इंग्रजीचं मात्र पाठ.

नायना हसले.
एवढं काय शोधतीस बिड्डा,
धट् टक्. धट् टक्.
हे कोण बोलतंय? तोच की.
स्वतःचं नाव सांगतोय
आणि तू पुस्तकात बघतीस.

खरं-खोटं देव जाणे.
अक्कलकोट रोडला आता नवे माग आलेत,
बिनधोट्याचे. ते काय सांगतात
ते नायनांना अजून लागलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात जुना धोटा नेला.
लाकूड हाताच्या तेलानं काळं पडलेलं,
दोन्ही टोकांना लोखंड.
रेहाननं टोकावर बोट दाबून बघितलं,
आई गं, म्हणाला. बाणाचा अर्थ झाला.
मग तो बाकाबाकांवरून फिरत
खिडकीपाशी गेला.
सुहासिनीनं उलटा केला,
दोरा ओवायच्या भोकाला ओठ लावले
आणि श्वास आत ओढला,
दोरा नव्हता तरी.
वर्ग हसला.
ती हसली नाही.
तिनं ओढणीच्या टोकानं तो पुसला
आणि दोन्ही हातांनी
मला माघारी दिला.