गोळ्यांचा हिशेब

एकशे चौऱ्याऐंशी. खालचा एकशे दोन.
पुन्हा बसवलं, पाठ टेकून, पाय जमिनीवर.
बोलू नका म्हटलं, तर म्हणाला, मी कधी बोलतो?
एकशे ऐंशी.

थोरलाकुर, वय एकाहत्तर.
चाळीस वर्षं ट्रॉलरवर स्वयंपाकी,
आता बंदराच्या वरच्या गल्लीत एकटा.
आमच्या फ्योर्डात डिसेंबरभर
सूर्य डोंगरामागूनच जातो, डोकावतसुद्धा नाही.
दवाखान्याचे दिवे दिवसाही लागलेले,
आणि त्यांच्या उजेडात मी त्याला
एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी गोळी वाढत गेले.
चौथी लघवीची.
तिच्यावर मात्र तो चिडला :
पाद्रीबुवांचं प्रवचन किती लांबतं, ठाऊक आहे ना?

खारवलेला मासा सोडा म्हटलं, त्याने सोडला.
आता जेवण म्हणजे नुसतं गरम, म्हणाला.
मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या बघायला राजधानीला धाडलं;
वाऱ्यामुळे विमान दोन दिवस अडलं,
वाहिन्या मात्र स्वच्छ.
रात्री घोरता का?
सांगणारं घरात कुणी नव्हतं.

चोवीस तास यंत्र बांधलं दंडाला.
सकाळी परत देताना म्हणाला,
रात्रभर दर अर्ध्या तासाने
कुणीतरी दंड धरत होतं. बरं वाटलं.
आकडे तसेच. झोपेतही.

पोटॅशियम दोन पूर्णांक नऊ.
ते मी लघवीच्या गोळीवर ढकललं.
आणि एका शुक्रवारी, पावणेपाचला,
कोट चढवता चढवता नोंदीत लिहिलं :
औषधे घेत नसावा.

फेब्रुवारीत त्याचे पाय लटपटले, पायरीवर पडला.
सिग्नी नर्स आणि मी बर्फ तुडवत वर गेलो.
टेबलावर रिकामी पाकिटं,
महिन्यामहिन्याची वेगळी, रबर लावून,
एकही गोळी मागे नाही.
मी मान खाली घातली, म्हणून तो वाडगा दिसला.
काळ्या गोळ्या. खारट-गोड. ज्येष्ठमधाच्या.

हॅल्लाने सिगारेट सोडवली ती ह्यांच्यावर, तो म्हणाला.
हात खिशाकडे गेला की एक द्यायची. एकच.
आता मोजणारं कोण आहे?
किती होतात?
पुडा.
आठवड्याला?
संध्याकाळी.

पुस्तकात एक ओळ होती. परीक्षेत तिचे गुणही मिळाले होते मला.
मी सांगत गेले : हे मूळ अंगात मीठ धरून ठेवतं,
पोटॅशियम सांडून टाकतं, वर रक्ताचा दाब...
म्हणजे तिने, तो म्हणाला, आणि थांबला.
नाही, मी घाईने म्हटलं. तिने सिगारेट सोडवली.
बाकीचं मी विचारायला हवं होतं.
सिग्नीने उगाच खिडकीचा पडदा सारखा केला.

सहा आठवड्यांनी एकशे बेचाळीस.
दोन गोळ्या कमी केल्या.
वाडग्यात आता तो दाबाचं यंत्र ठेवतो, पट्टा गुंडाळून.
समोर बसला की हात अजून खिशाकडे जातो,
रिकामाच परत येतो,
आणि मांडीवर कुठे ठेवावा ते त्याला कळत नाही.

आमच्या संगणकात लिहिलेलं पुसता येत नाही.
ती ओळ तिथेच आहे, तारखेसकट, माझ्या नावाने.
तिच्याखाली लिहिलं :
घेत होता. सगळ्या. वेळेवर.