चार खिळे

मंगरूळच्या वाटेवर, आमच्या टिनाच्या सावलीत
जब्बार नालबंद घोडीचा पाय मांडीवर घेतो,
कानस फिरवतो, थांबतो.
खूर सांडतो भुगा होऊन,
शिळ्या भाकरीच्या कडेसारखा.

"इच्या मायचा बी असाच व्हता,
आन् तिच्या मायचा.
तुमी रंग पाह्यला, कान पाह्यले, नाच पाह्यला.
खाली वाकून कोनं पाह्यलं?"

बाबा बोलत नाहीत.
संध्याकाळी मानोऱ्याला वरात, इसार घेतलेला.

जुनी भोकं अंगठ्यानं चाचपत
तो धड जागा शोधतो,
खिळा ठोकतो कान देऊन:
टण्ण म्हणाला तर राहू द्यायचा,
भद्द म्हणाला की उपसायचा.
सातांतले चारच बसतात.
"नाचवू नका. चालवा नुसती."

मी पाय धरून.
तिचं सगळं वजन हळूहळू
माझ्या खांद्यावर कलंडत येतं.

निघता निघता तो
खुंट्याजवळच्या शिंगराकडे वळतो,
चैत्रातलं, दुधासारखं,
येणारे-जाणारे ज्याचे फोटो काढतात.
त्याचा एक पाय उचलतो,
नखानं खूर दाबून पाहतो

आणि इतक्या हळू खाली ठेवतो
की बाबा नोटा मोजता मोजता चुकतात.